डाव्या चाकाचे दोन बोल्ट

१

शनिवारी दहाच्या एस.टी.ने मी खडकीहून, लेकीकडून परत आले, तर आमच्या अंगणात भांडण पेटलेलं. दोन दिवस बाई घराबाहेर काय गेली, तर ही तऱ्हा! हातातली पिशवीसुद्धा मला खाली ठेवू दिली नाही.

"साबेरा, चोरी झालीया!" आमचे हे ओरडले. "हब गेलं! डावं हब!"

ही गोष्ट पंच्याऐंशीच्या जानेवारीतली. माझं नाव साबेरा मुलाणी. मुळशीच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, शेवटची सहा वर्षं हेडबाई होते. आमचे हे, बाबालाल, धरणावर ओव्हरसियर होते, आता पासष्टीचे. पण खरं सांगायचं तर या माणसानं नोकरी नावालाच केली, संसार केला तो गाडीशी. एकोणपन्नास सालची विलीज स्टेशन वॅगन, चारही चाकांना जोर असलेली. पुण्यात एका साहेबाच्या बंगल्यामागे कोंबड्या तिच्यात अंडी घालत होत्या, ती यांनी बासष्टमध्ये ओढून आणली. तेव्हापासून ती दुरुस्तच होतेय. इंजिन बदललं, छत वाढवलं, मागे बाक बसवले, पुढे दोर गुंडाळायचा रहाट बसवला. चार वर्षांपूर्वी ताम्हिणीत डावं चाक निखळलं, तेव्हा त्या बाजूचं काय काय बदललं ते मला रोज जेवताना सांगत होते. मी ऐकलं नाही. माणसानं ऐकायचं तरी किती?

हब म्हणजे काय ते मात्र मला पाठ आहे. पुढच्या चाकाच्या मधोमध बसणारी वाटीएवढी तबकडी. एरवी गाडी मागच्या दोन चाकांवर चालते. चिखल आला की उतरायचं, ती तबकडी हातानं फिरवायची, मग पुढची चाकंही इंजिनाला जोडली जातात. आमची जोडी अमेरिकेची. आख्ख्या तालुक्यात दुसरी नाही, असं हे सांगतात. खरं असेल. असला वेडा दुसरा नाही हे तर नक्कीच खरं.

अंगणात बहिरू उभा होता, मान खाली घालून. बहिरू आमच्याच जागेत, रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या टपरीत टायर-पंक्चरचं दुकान चालवतो. तिसरीत माझ्या हाताखाली होता. पाढे कच्चे, पण खोटं बोलला तर कान लाल व्हायचे.

"यानंच चोरलं," हे म्हणाले. "पाचच्या एस.टी.नं मी पौडला जानार. चौकीत तक्रार देनार. आनि टपरी उद्या उचलायची. कळलं का रं?"

"चाचा, मी न्हाई घेतलं. आईची आन."

"आईची आन घिऊ नगं! पुरावा हाय माझ्यापाशी!"

२

पुरावा बघण्याआधी मला चहा हवा होता. स्टो पेटवायला गेले तर रॉकेलची बाटली ठणठणीत रिकामी. जाताना मी ती गळ्यापर्यंत भरून ठेवली होती.

"रॉकेल कुठे गेलं?"

"मला काय म्हाईत? हितं हब गेलंय आनि हिला रॉकेल पायजे!"

गेल्या वर्षभरात हा माणूस असा दिवसेंदिवस जास्तच वैताग द्यायला लागला होता. पौडहून एकच फॅनबेल्ट तीनदा आणला. विचारलं तर दुकानदारानं फसवलं म्हणाले. एक गोष्ट सांगायला घेतली की तासाभरानं तीच पुन्हा, अगदी नव्या उत्साहानं. मी म्हणायचे, मघाशी ऐकलं. मग दोन दिवस रुसवा. मी चूल पेटवली, धुरात डोळे चोळत चहा केला आणि शेडवर गेले.

शेडचं कुलूप शाबूत होतं. किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला असते, ती तिथेच होती. आत वॅगन डाव्या बाजूनं जॅकवर उचललेली. चाक काढून भिंतीला टेकवलेलं, खाली गोणपाट घातलेलं. हब गायब, आणि त्याच्या आतली दोन बेअरिंगंही गायब. चाक ज्या पाच बोल्टांवर बसतं, त्यांतले दोन मुळापासून पिळून तुटलेले. बाजूला पाना पडलेला, त्याला जोर यावा म्हणून हातभर पाइप घातलेला.

"ह्यो बघ पुरावा," हे म्हणाले. त्यांचे डोळे चमकायला लागले. गाडीबद्दल बोलताना चमकतात तसे. "विलीजच्या उजव्या चाकाचे नट सरळ, डाव्या चाकाचे उलटे. डावीकडचा नट सोडवायचा तर आवळायच्या दिशेनं फिरवायचा. चाक पळताना आपसूक सुटू नये म्हनून कंपनीनं तशे आटे पाडलेत. जानकार मानूस त्यात चुकनार न्हाई. पन पंक्चरवाला? त्यानं जिंदगीभर ट्रकचे नट सोडले. तो आला, सवयीनं सोडायच्या दिशेला जोर लावला, म्हंजी ह्यो नट आनखी आवळत गेला. आवळता आवळता बोल्ट तुटला! अडान्याचं काम हाय हे."

पटण्यासारखं होतं. पोलिसांना तर नक्कीच पटलं असतं. किल्ली कुठे असते ते बहिरूला माहीत होतं. शुक्रवारी दुपारी तो शेडमधून बाहेर पडताना शेजारच्या गंगूबाईनं बघितलं होतं. आणि मागल्या रविवारी पुण्याचे एक करंबेळकर म्हणून गृहस्थ जीप घेऊन आले होते, त्यांनी बहिरूसमोरच म्हटलं होतं, असं हब मिळालं तर मागाल ती किंमत देईन. करंबेळकरांना आमचं स्वयंपाकघर ठाऊक नव्हतं आणि शुक्रवारी त्यांची जीप रस्त्यावर कुणी पाहिली नव्हती. ते सुटले. बहिरू अडकला.

"काल दुपारी तुम्ही कुठे होतात?" मी विचारलं.

"घरात. झोपलो हुतो," हे म्हणाले. मग जरा थांबून, "झोपलोच हुतो."

मी टपरीकडे निघाले. घड्याळात बारा वाजले होते.

३

बहिरू हवा भरायच्या पंपाशी बसला होता. बायको अनुसया शेजारी, रडून डोळे सुजलेले.

"बाई, टपरी गेली तर गेली," ती म्हणाली. "पन चोर म्हनून नाव पडल्यावर ह्या रस्त्याला कोन टायर देईल? आमी जायचं कुटं?"

"रडू नकोस. बहिरू, खरं सांग. शेडमध्ये कशाला गेला होतास?"

"चाचांचा पंप आनला हुता, त्यो ठेवायला. दुपारचं बारा-साडेबारा. किल्ली घेतली, पंप ठिवला, किल्ली परत खिळ्याला. चाचा जेवत हुते, त्यांनी बघितलं मला."

"तेव्हा चाक जागेवर होतं?"

"व्हय. गाडी चारी पायांवर उभी हुती."

मी त्याच्या कानांकडे बघितलं. लाल नव्हते. पण कानांवर पोलीस विश्वास ठेवत नाहीत.

"मग ते बोल्ट? डावीकडचे नट उलटे असतात हे तुला ठाऊक नव्हतं, म्हणून तुटले म्हणतात."

बहिरूनं पहिल्यांदाच मान वर केली. त्याला राग आला होता.

"बाई, त्येच तर सकाळपास्नं सांगतोय, चाचा बोलूच देत न्हाईत! कुटले उलटे? चार वर्सामागं ताम्हिणीत चाक गेलं, तवा चाचांनी आनि मी मिळून डावीकडचे समदे बोल्ट बदलले. उलटे बोल्ट मिळंनात म्हनून पौडला लेथवर नवे करून घेतले. सरळ आट्यांचे! आता दोन्ही बाजू सारख्या हायेत. मी सोडवायला गेलो असतो तर हातानं सुटले असते. तुटतील कशाला?"

मी तिथल्याच टायरवर बसले.

म्हणजे सगळं उलटं होतं. अडाण्यानं नट सवयीनं फिरवले असते तर ते सुटले असते. बोल्ट तोडले ते अडाण्यानं नव्हे, जाणकारानं. ज्याला विलीज आतून-बाहेरून ठाऊक आहे, डावीकडे उलटं फिरवायचं हे ज्याच्या हाताला आपोआप कळतं, पण या एका गाडीचे बोल्ट बदललेत हे ज्याला माहीत नाही, असा कुणीतरी. त्यानं शहाण्यासारखं उलटं फिरवलं, दोन बोल्ट तुटले, मग त्याच्या लक्षात आलं आणि बाकीचे तीन त्यानं सरळ सोडवले.

असा माणूस मुळशीत एकच होता. आणि तो सहा वर्षांनी परवाच्या सोमवारी गावात परत आला होता.

४

ज्ञानदेव कांबळे लष्करात वाहनांच्या दुरुस्तीवर हवालदार होते. वॅगन उभी केली ती आमच्या यांनी आणि ज्ञानदेवांनी मिळून. सतरा वर्षं रोज संध्याकाळी आमच्या पडवीत बसून या दोघांनी माझा चहा आणि माझी सहनशक्ती दोन्ही संपवली. मग एकोणऐंशीत ताम्हिणीच्या चढावर गाडी कुणी चालवायची यावरून भांडले, दोन म्हातारे, शाळेतल्या पोरांसारखे. ज्ञानदेव सोलापूरला मुलाकडे निघून गेले. त्यानंतर बोलणं नाही.

ते बौद्धवाड्यात विहाराच्या समोर खाट टाकून बसले होते. मला बघून उठले.

"या भाभी. त्यानं धाडलं का?"

"त्यांनी नाही. मी आपण होऊन आले. काल दुपारी तुम्ही आमच्या शेडमध्ये होतात?"

मला आडवळणानं विचारायला जमत नाही. हेडबाई होते मी. ज्ञानदेवांनी सगळं ऐकून घेतलं. मग आत गेले आणि पत्र्याच्या ट्रंकेतून एक पाकीट घेऊन आले. अक्षर यांचं. चार वर्षांपूर्वीची तारीख.

"त्यानं दोस्ती जुळवायला लिवलं हुतं," ज्ञानदेव म्हणाले. "मी ताठ्यात उत्तर दिलं न्हाई. गाढवपना केला. वाचा."

पत्रात माफीचा एक शब्द नव्हता. चार पानं फक्त बोल्टांवर होती. चित्र काढलं होतं, बाण दाखवले होते, आणि खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: 'डावीकडचेही आता सरळ. विसरू नकोस.'

"मला ठाऊक हुतं, भाभी. आनि काल दुपारभर मी विहाराचे पत्रे बसवत हुतो. संगं गेणबा धरून पाच मानसं हुती, कुनालाबी इचारा."

 जेवणाशिवाय एवढी वणवण केली आणि हाती काय? घड्याळात तीन वाजले होते. दोन तासांत आमचे हे एका गरिबाचा संसार उठवायला निघणार होते, आणि माझ्याकडे चोर नव्हता.

"एक मात्र कळंना मला," ज्ञानदेव दाढी खाजवत म्हणाले. "हब चोरायला त्यानं चाक कशाला काढलं? हब वरच बसलेलं असतंय. सा बोल्ट सोडले की हातात येतंय, चाकाला हात लावावा लागत न्हाई. आनि जुनी बेअरिंगं कोन चोरील? चाक काढतो, बेअरिंगं काढतो त्यो चोर नसतो, भाभी. त्यो बेअरिंगं धुऊन ग्रीस भरनारा असतो. साफसफाई करनारा."

"बेअरिंगं कशानं धुतात?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं. तरीही विचारलं.

"रॉकेलनं. दुसरं कशानं?"

५

घरी कशी आले ते आठवत नाही. हे ओसरीवर झोपले होते, तोंडावर टोपी ठेवून, पौडला जायचा धुवट शर्ट घालून.

सकाळचं त्यांचं बोलणं माझ्या कानात पुन्हा सुरू झालं. 'विलीजच्या डाव्या चाकाचे उलटे.' चमकत्या डोळ्यांनी, ठासून सांगितलं होतं. इतक्या वेळा ऐकलेलं वाक्य, की त्यात काही चूक असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. विलीजच्या डाव्या चाकाचे नट उलटेच असतात. पण या विलीजचे नव्हते, आणि ते बदलले होते त्यांनीच. चार पानं पत्र त्यांनीच लिहिलं होतं.

जाणकार, पण बदल ठाऊक नसलेला माणूस मी गावभर शोधत होते. ठाऊक असून विसरलेला माणूस ओसरीवर घोरत होता.

फॅनबेल्ट. तीच तीच गोष्ट. दुपारी झोपलो होतो, झोपलोच होतो. वर्षभर मी वैतागत राहिले. वैताग एवढा होता की त्याच्यापलीकडे काही बघितलंच नाही. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची विसराळू मुलं ओळखली, आणि घरात मला दिसलं नाही. मला माझी लाज वाटली.

पण रडायला वेळ नव्हता. हब शोधायचं होतं. शुक्रवारी दुपारी या माणसाच्या डोक्यात कुठलं साल चाललं होतं? चार वर्षांपूर्वीचं नक्कीच नव्हतं. फार मागचं असेल, तर शेडही नव्हती तेव्हाचं. शेड सत्तरमध्ये बांधली. त्याआधी हे मागच्या पडवीत सुटे भाग धुवायचे आणि भाताच्या कणगीत लपवायचे. आता भात पत्र्याच्या कोठीत असतो. कणगी कितीतरी वर्षं रिकामी, तिच्यात कुणी हात घालत नाही.

मी घातला.

गोणपाटात गुंडाळलेलं हब होतं. दोन्ही बेअरिंगं होती, धुऊन लख्ख केलेली, ताजं ग्रीस भरून कागदात बांधलेली. तुटलेले दोन तुकडे काडेपेटीत ठेवलेले. इतकं नीट काम कुठला चोर करतो? वर चिठ्ठी होती, त्यांच्या अक्षरात.

'सुरैयाने हात लावू नये. ग्रीसने फ्रॉक खराब होतो.'

सुरैया आमची मुलगी. एकोणतीस वर्षांची आहे. आज सकाळीच तिनं मला एस.टी.त बसवलं होतं, कडेवर तिचा धाकटा होता.

मी पडवीत उभी राहिले. बाहेर एस.टी.चा हॉर्न वाजला. ओसरीवर कुणी नव्हतं.

६

हब आणि बेअरिंगांची पुडी पिशवीत घालून मी पळत सुटले. या वयात, गावासमोर. स्टँडवर एस.टी. उभी होती. हे पायरीवर एक पाय ठेवून कंडक्टरला काहीतरी सांगत होते. बहिरू हात जोडून खाली उभा, मागे अनुसया, गंगूबाई आणि तमाशा बघायला जमलेलं अर्धं गाव.

रस्त्यात मी ठरवून टाकलं होतं. खरं सांगितलं तर बहिरू सुटत होता. पण हे सगळ्या स्टँडसमोर म्हातारे होणार होते, आणि उद्यापासून मुळशीतलं शेंबडं पोरही यांना विचारणार होतं, चाचा, आज वार कुठला? ते मला चालणार नव्हतं. आणि बहिरूचं नाव तर आत्ताच्या आत्ता, याच लोकांसमोर धुऊन निघायला हवं होतं.

"उतरा खाली!" मी ओरडले. वर्गात ओरडायचे तशी. "हब सापडलं. मी लपवलं होतं."



"तू?" हे म्हणाले.

"मी. वैताग आला मला. तेवीस वर्षं ती गाडी, गाडी, गाडी! म्हटलं, एकदा अद्दल घडवावी. खडकीला जायच्या आधी काढलं आणि कणगीत टाकलं. हे घ्या तुमचं हब. आणि बहिरूची माफी मागा, सगळ्यांच्या देखत."

कथा अगदीच भिकार होती. मी गुरुवारी गेले होते, आणि शुक्रवारी दुपारी गाडी चारी चाकांवर उभी असलेली बहिरूनं स्वतः पाहिली होती. शिवाय माझ्या मनगटांत बोल्ट तोडण्याएवढा जोर कुठला? बहिरू माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं यांच्याकडे बघितलं, पिशवीतल्या ग्रीस भरलेल्या पुडीकडे बघितलं, आणि मला दिसलं की त्याला समजलं. पोराचे पाढे कच्चे होते, डोकं कच्चं नव्हतं.

"बाईच त्या," बहिरू म्हणाला. "शाळेत बी अशाच अद्दल घडवायच्या."

त्याचे कान लाल झाले होते. माझ्याशिवाय ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

लोक हसले. गंगूबाई तर पदर तोंडाला लावून हसत सुटली. हे पायरीवरून उतरले आणि बहिरूचे दोन्ही हात धरले. "चुकलो रं पोरा," म्हणाले. "लई चुकलो. टपरी तुजीच हाय. मी हाय तवर तिला कोन हात लावतंय बघतो."

"चाचा, येताय का न्हाई?" कंडक्टरनं विचारलं.

"न्हाई बाबा. चोर घरातच घावला!"

पुन्हा हशा झाला. एस.टी. गेली, लोक पांगले. आम्ही दोघं घराकडे निघालो.  भाताच्या रिकाम्या खाचरांपाशी आलो तेव्हा हे थांबले.

"साबेरा."

"काय?"

"तूच काढलंस न्हवं ते?" आवाज अगदी बारीक होता. "म्हंजी... दुसऱ्या कुनी न्हाई ना? नक्की तूच?"

मी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं होतं ते रागावले असतील. ते घाबरले होते. कालपासून घाबरलेले असावेत.

"मीच," मी म्हणाले. "तुम्ही कशाला काढाल?"

त्यांनी मान हलवली, माझ्या हातातली पिशवी घेतली, आणि आम्ही चालायला लागलो.